चाड्यावरची मूठ

सास्तुरात पेरणाऱ्या बाईला आपलं काम लपवता येत नसे. कालवण बिघडलं तर घरातले चार जण मुकाट्यानं खातात, भांडण झालं तर दार लोटून घेता येतं. पण पेरलेलं रान आठव्या दिवशी उघडं पडतं. काळ्या मातीतून हिरव्या ओळी वर आल्या की येणारा-जाणारा बांधावर थांबतो आणि पटवारी दप्तर वाचतो तशा त्या वाचतो. इथं बी दाट पडलं, इथं मूठ सरली, इथं बाईचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ते पेरणीला लागू नाही. तिथं मूठ उघडावीच लागते.

तिफणीला तीन फण असतात. प्रत्येक फणातून एक पोकळ नळी वर येते आणि तिन्ही नळ्यांची तोंडं एका लाकडी वाटीत उघडतात. त्या वाटीला चाडं म्हणतात. पुढं बैल चालतात, गडी कासरा आणि रुमणं, म्हणजे तिफणीचा दांडा, सांभाळतो, आणि शेजारून बाई चालते. डाव्या हातानं तिनं लुगड्याची बियानं भरलेली ओटी धरलेली असते आणि उजवी मूठ चाड्यावर असते. त्या मुठीतून बी झरत राहायचं, पावलागणिक, तिन्ही भोकांत सारखं. ऐकायला सोपं आहे. ऐकायला तर विहिरीत पोहणंही सोपंच आहे.

जगदेवी या गावात सून म्हणून आली ती अकरा वर्षांची असताना. माहेर आळंदच्या बाजूचं, बोली कानडी. येताना तिनं आणलेली एकच गोष्ट गावानं वाखाणली, ती म्हणजे तिची रांगोळी. चिमटीतून सोडलेली तिची रेघ दोन हात लांब गेली तरी कुठं जाड नाही, कुठं बारीक नाही. सकाळी पाण्याला निघालेल्या बायका तिच्या उंबऱ्यापाशी घागर कमरेवर घेऊन उभ्या राहत. सासूनं मात्र एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "बरी हाय."

ही सासू म्हणजे गौराबाई. कुणाला चांगलं म्हणताना तिच्या जिवावर येई, पण तिला तसा हक्कही होता, कारण पंचक्रोशीत तिच्या मुठीला तोड नव्हती. ती पेरायची ते रान आठव्या दिवशी पाहायला लोक वाट वाकडी करून येत. चाळीस वर्षं ती मूठ चालली. जगदेवी तिच्या मागून चालायची. तिफणीच्या मागं दोरीनं एक एकटी नळी बांधलेली असते, तिला सरतं म्हणतात. त्यातून ज्वारीत मधूनमधून करडई पेरायची. एकच नळी, एकच भोक. जगदेवी रांगोळीसारखं चिमटीनं बी सोडायची आणि करडईची ओळ सुरेख यायची. अशी तिची बारा वर्षं सरत्यावर गेली.

"आत्याबाई, एक फेरा मला मूठ द्या की," असं तिनं दोन-तीनदा मागून पाहिलं.

"मूठ मागून मिळत न्हाय," गौराबाई म्हणायची. "येती तवा येती."

जगदेवीला वाटायचं, म्हातारी लपवते. मूठ हेच घरातलं मोठेपण, ते ती कशाला सोडेल? हा तिचा समज पुढं पार खोटा ठरला, पण त्याला वेळ होता.

त्या मुठीवर घराची भाकरीही होती. जगदेवीच्या नवऱ्याकडं, ईरण्णाकडं, पाच एकरांची पट्टी आणि एकच बैल. दुसरा साथीत गेला होता. शेजारच्या रानाचा मालक बलभीम. त्याच्याकडं खिलारी जोडी आणि तिफण, पण घरात पेरणारा हात नाही. त्याची बायको कस्तुराबाई भाकरी थापावी तर तिनंच, चाड्यावर मात्र तिचा हात आखडायचा. तेव्हा या दोन घरांची आठ वर्षं सावड होती: गौराबाईनं बलभीमचं रान आधी पेरून द्यायचं, मग बलभीमनं बैल-तिफण ईरण्णाच्या रानात घालायची. सावड तुटली तर ईरण्णाला कुणाची तरी जोडी मोकळी होईपर्यंत थांबावं लागणार, आणि रब्बीची ओल काही कुणासाठी थांबत नाही. कोरड्यात टाकलेलं बी मुंग्या खातात.

१९४४ च्या श्रावणात एका सोमवारी गौराबाई पूजेला बसली होती. डाव्या तळहातावर इष्टलिंग, उजव्या हातात भस्माची वाटी. ती वाटी एकाएकी कलंडली. जगदेवी धावली तेव्हा म्हातारी एका अंगावर कलली होती, तोंड वाकडं झालं होतं; पण डावा तळहात तिनं तसाच वर धरला होता आणि त्यावरचं लिंग जागचं हललं नव्हतं.

अंगावरून वारं गेलं होतं. उमरग्याचा हकीम येऊन तेल देऊन गेला. "उजवा आता बेकार," तो म्हणाला, "डाव्याला सवय लावा." महिन्याभरात जीभ सुटली. उजवा हात मांडीवर पडून राहिला तो राहिलाच.

पेरणी तोंडावर आली होती. जगदेवी बाजेपाशी जाऊन बसली आणि म्हणाली, "आता तरी सांगा, आत्याबाई."

गौराबाईनं बराच वेळ विचार केला. आजवर तिला हे कुणी विचारलं नव्हतं असं नाही, पण सांगण्याची वेळ पहिल्यांदाच आली होती. मग ती म्हणाली, "रांगोळी सोडतीस का न्हाय? तशीच सोडायची. आंगठा ढिला करायचा, बी आपसूक येतंय."

जगदेवीचा जीव भांड्यात पडला. एवढंच होतं तर म्हातारीनं बारा वर्षं का रडवलं, असं तिच्या मनात आलं. रांगोळी तर तिच्या हातात जन्मापासून होती.

हस्त नक्षत्रात बलभीमचं रान पेरायला घेतलं. तीन दिवस जगदेवी तिफणीच्या बाजूनं चालली. डोळे मुठीवरून हलवले नाहीत, अंगठा ढिला, चिमटीतून बी कसं सुरेख झरत होतं. चौथ्या दिवशी तिनं स्वतःचं रान पेरलं. संध्याकाळी घरी येऊन सासूपुढं हात धरला, तेव्हा तळहाताला बियांची पांढरट पूड लागली होती. "झालं, आत्याबाई," ती म्हणाली. तिला वाटलं होतं त्याहून मूठ सोपी निघाली होती, आणि याचा तिला थोडा गर्वही झाला होता, हे कबूल केलं पाहिजे.

आठव्या दिवशी रान बोललं. प्रत्येक तीन ओळींतली मधली ओळ मेथीच्या वाफ्यासारखी दाट आली होती आणि दोन्ही कडेच्या ओळी जागोजागी मोकळ्या. बलभीमच्या अख्ख्या रानात तेच, ईरण्णाच्या अख्ख्या रानात तेच. चुकीतही कुठं खंड नव्हता. बांधावर उभं राहून कुणीतरी म्हणालं, "बाईनं रांगोळी घातली म्हणायची!" लोक हसले. त्या चेष्टेत सगळं उत्तर होतं, पण चेष्टा करणाऱ्यालाही ते कळलं नाही आणि जगदेवीलाही नाही.

महिनाभर ती आणि ईरण्णा हातानं नांग्या भरत राहिले, मोकळ्या जागी एकेक दाणा टोकत. उशिरा टोकलेलं बी वर आलं ते बुटकंच राहिलं. आणि मधल्या दाट ओळीतली ताटं एकमेकांच्या अंगावर वाढून काडीसारखी बारीक राहिली. त्या साली सरकारची लेव्ही होतीच; ती घालून उरलेल्या ज्वारीनं उन्हाळ्यापर्यंत कशीबशी तोंडमिळवणी झाली. ईरण्णा रागावला नाही. बलभीमही काही बोलला नाही. दोघांनी चार शिव्या दिल्या असत्या तर जगदेवीला सोसलं असतं. हे न बोलणं सोसेना. पाणवठ्यावर कुणी हसलं तरी ते आपल्यालाच, असं तिला वाटू लागलं होतं.

तिनं घरातलं एक तडकलेलं चाडं शोधून काढलं, दोन विटांवर बसवलं आणि त्याच्या भोकांखाली तीन वाट्या ठेवल्या. जागच्या जागी पावलं टाकत ती मूठ सोडायची. मधली वाटी आधी भरायची. ती हात डावीकडं न्यायची, तर डावी भरायची आणि उजवी रिकामी. ती मुठीकडं आणखी डोळे ताणून बघायची, तर मूठच आखडायची. वर्षभर हे चाललं. चाड्याची भोकंच वाकडी आहेत, असंही तिनं एकदा म्हणून पाहिलं. नाचता येईना अंगण वाकडं, एवढंच सासू बाजेवरून म्हणाली.

इकडं सासूचं शिकणंही चाललंच होतं, पण ते चोरून. डाव्या हातानं अन्न खायचं नाही म्हणून संक्रांतीपर्यंत ती सुनेच्या हातानं जेवली. सुनेच्या हातानं जेवणं तिला डाव्या हातापेक्षा किती जड गेलं असेल, ते तिचं तिलाच ठाऊक. एक दिवस जगदेवी रानातून उशिरा आली, तर ताटलीतली भाकरी संपलेली, लुगड्यावर वरण सांडलेलं, आणि म्हातारी डोळे मिटून भिंतीकडं तोंड करून पडलेली. जगदेवीनं लुगडं बदललं आणि काही विचारलं नाही. उन्हाळा आला तेव्हा डाव्या हाताचा घास सरळ तोंडात जाऊ लागला होता. तेवढं दोघींनी न बोलता मान्य करून टाकलं. बियाला मात्र गौराबाईनं डावा हात लावला नाही. खाणं वेगळं, पेरायचं बी वेगळं; ती लक्ष्मी.

पुढल्या वर्षी पोळा झाला आणि बलभीम आला. ओसरीवर टेकला, पाणी प्याला, आणि जे बोलायचं ते गौराबाईकडं बघून बोलला.

"काकू, वहिनीवर माझा राग न्हाय. पर रान मुकं ऱ्हात न्हाय, लोक मलाच इचारतेत. लोहाऱ्याला माझी मेव्हणी हाय, तिची मूठ बरी हाय, ती यायला तयार हाय."

"मंग आन की तिला," गौराबाई म्हणाली.

"आनली तर तुमची सावड तुटती, काकू. तिच्या घरचं रान आधी पेरायला माझी जोडी लोहाऱ्याला न्यावी लागंल. म्हनून सांगायला आलाव. हस्त लागायच्या आधल्या दिशी म्या माझ्या खळ्यात तिफण उभी करतो. वहिनीनं सारवलेल्या जमिनीवर मूठ चालवून दाखवावी. तिन्ही ओळी सारख्या पडल्या तर सावड हाय तशी हाय. न्हाय तर मला माफी असावी."

तो गेला. हस्ताला वीस दिवस होते.

दुसऱ्या दिवशी जगदेवी सकाळपासून चाड्यापाशी होती. मधली वाटी भरली. ओतून पुन्हा. मधली वाटी भरली. पाचव्यांदा तसंच झालं तेव्हा तिनं चाडं लाथेनं उडवलं. वाट्या घरंगळत बाजेखाली गेल्या, ज्वारी अंगणभर झाली.

"तुमचीच मूठ खोटी!" ती ओरडली. सासूपुढं आवाज चढवायची तिची ही पहिलीच वेळ. "बारा वरसं लपवली, आन आता सांगितली ती बी खोटी. दाखवा की मंग करून!"

"कशानं दाखवू?" गौराबाई शांतपणे म्हणाली. "ह्यो मेलेला. आन ह्यो डावा."

"डाव्यानं दाखवा."

"बी हाय ते, पोरी. डावा लावू?"

जगदेवीला रडू फुटलं होतं, पण बोलणं थांबलं नाही. "रोज सकाळी शिवाला कुठल्या हातावर बसवता, आत्याबाई?"

गौराबाईनं आपल्या डाव्या तळहाताकडं पाहिलं. चाळीस-पन्नास वर्षं रोज सकाळी तिथं लिंग ठेवून ती पूजा करत आली होती. गेल्या वर्षीच्या श्रावणात निम्मं अंग गेलं त्या घटकेलाही याच हातानं ते सांभाळलं होतं. मग तिनं तो हात पुढं केला. "गोळा कर ती जवारी," ती म्हणाली. "आन मला तितं खाली बसव."

जगदेवीनं तिला चाड्यापुढं बसवलं, मूठ भरून दिली. गौराबाईनं आपण सांगितलं होतं तसंच केलं: अंगठा ढिला केला, चिमटीतून बी सोडलं. मधली वाटी भरली.

म्हातारीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तिनं पुन्हा मूठ भरून घेतली. पुन्हा मधली वाटी. तिसऱ्यांदा तर निम्मं बी वाट्यांच्या बाहेरच गेलं. पंचक्रोशीला जिची मूठ ठाऊक, ती बाई चार वर्षांच्या पोरीसारखी दाणे सांडत होती. जगदेवीला खरं तर बरं वाटलं. त्याची लाज तिला नंतर वाटली, पण आधी बरं वाटलं.

पुढले चार दिवस गौराबाई चाड्यापुढून उठली नाही. भाकरी वाळून जायची. उजव्याला कधी काही विचारावं लागलं नव्हतं. तो आपला आपण चालायचा. डाव्याला काहीच येत नव्हतं, त्यामुळं त्याला एकेक गोष्ट सांगावी लागत होती, आणि सांगायला गेलं की सांगण्यातलं खोटं उघडं पडत होतं. अंगठा ढिला केला की बी एका जागी पडतं. मग तीन ठिकाणी कसं पडायचं? ती डोळे मिटून बसायची, सुनेला शेजारून पावलं टाकायला लावायची, आणि त्या पावलांच्या आवाजावर डावी मूठ हलवून बघायची. मांडीवरच्या मेलेल्या हाताची बोटंही मधूनच शिवशिवल्यासारखी दिसायची. ते खरं होतं की जगदेवीचा भास, कुणास ठाऊक.

पाचव्या दिवशी दुपारी म्हातारीनं एकदम हाक मारली. "यव्वा! जगदेवे! आंगठा न्हाय गं!"

जगदेवी पीठ माखल्या हातानं बाहेर आली.

"आंगठा उघडायचाच न्हाय. घट धरायचा. बी करंगळीखालनं येतंय, हितनं, खालनं. आन हात एका जागी ठिवायचा न्हाय, मनगाट गोल फिरवायचं. एका पावलाला एक येढा." डावी मूठ चाड्यावर थरथरत फिरत होती आणि तिन्ही वाट्यांत दाणे वाजत होते. सारखे नव्हते, पण तिन्हींत होते. "आन म्या कवाच मुठीकडं बगितलं न्हाय. म्या बैलाच्या मागल्या पायाकडं बगत चालायची. त्यो पडला की हात फिरायचा."

"मंग रांगोळी कशापायी सांगितली?"

"मला तसंच वाटायचं," गौराबाई म्हणाली. तिचा आवाज पडला. "चाळीस वरसं वाटायचं. म्या लपवलं न्हाय गं. मलाच ठावं नव्हतं."

जगदेवीला याचा राग आला, आणि तो रास्तच होता. एका शब्दापायी तिचं वर्ष गेलं होतं, गावापुढं मान खाली गेली होती, लेकरांची भाकर आखडली होती. त्यात म्हातारीचा दोष नव्हता, म्हणून तर तो राग कुठं टाकावा हे कळेना. संध्याकाळी भाकरी थापून झाल्यावर तिनं सासूच्या डाव्या बाजूला ताटली सरकवली आणि म्हणाली, "उद्या सकाळी मला शिकवा."

चौदा दिवस राहिले होते. आता कळलं होतं, पण कळलेलं हाताला पटेना. जगदेवीचा अंगठा लहानपणापासून रांगोळीत मुरलेला. मूठ वळली की तो आपोआप उघडायचा. मग तिनं चिंधीनं अंगठा बोटाशी बांधून टाकला. आणि दुसरं असं केलं, की रांगोळी घालणंच बंद केलं. ज्या उंबऱ्यापुढं बायका थांबत तो उंबरा कोरा राहू लागला. लिंगायताच्या घरात सुतक पाळत नाहीत हे सगळ्या गावाला माहीत, तरी शेजारणीनं विचारलंच, "कुणी गेलं का गं?"

"न्हाय," जगदेवी म्हणाली. "एक सवय घालवायली."

आठवडाभर काही झालं नाही. नवव्या दिवशी सकाळी तिनं मूठ धरली आणि काल जे होत नव्हतं ते झालं: तिन्ही वाट्या बरोबरीनं वाजल्या. रात्रीतून हाताला काय कळलं, ते त्यालाच माहीत. बाराव्या दिवशी तिनं चिंधी सोडली.

ठरल्या दिवशी बलभीमच्या खळ्यात तिफण उभी होती. जमीन सारवून लख्ख केलेली. ईरण्णानं आईला, अव्वाला, गाडीत घालून आणलं होतं. बैल चालले, आणि जगदेवी शेजारून निघाली. जमिनीवर दाण्यांच्या तीन ओळी पडत गेल्या, वीस पावलं सारख्या. मग तिनं सहज मुठीकडं पाहिलं. लगेच मधली ओळ जाड झाली.

"पाय!" गाडीतून गौराबाई ओरडली. "पाय बग!"

जगदेवीनं नजर उचलून डाव्या बैलाच्या मागल्या खुरावर टाकली आणि खळ्याच्या टोकापर्यंत तिथून हलवली नाही. बलभीम वाकून ओळी बघत मागून आला. मधली जाड जागाही त्यानं पाहिली, ती त्याच्या नजरेतून सुटणारी नव्हती. धोतराला हात पुसत तो उभा राहिला. "उद्या हस्त लागतंय," तो म्हणाला. "उजाडायला रानात या."

आठव्या दिवशी गाव बांधावर आलं, आणि या वेळी हसण्यासारखं काही न सापडल्यामुळं लवकर परत गेलं. गौराबाईची गाडी मागं राहिली. तिनं रान या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"वळणावर दाट हाय," ती म्हणाली.

"आली का मूठ, आत्याबाई?" जगदेवीनं विचारलं. तिला दुसरं काही नको होतं. सावड राहिली होती, भाकर राहिली होती. आता तिला हे एक हवं होतं.

"वळी आल्या," म्हातारी म्हणाली. "मूठ आजून यायची हाय."

जगदेवीला हे लागलं. चांगलं म्हणायला म्हातारीच्या जिवावर येतं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या वर्षी वळणावरचं दाट गेलं. तिसऱ्या वर्षी लोहाऱ्याची माणसं तिचं रान बघायला आली. म्हातारी प्रत्येक वेळी गाडीतून पाही, मान हलवी, आणि तो शब्द मात्र काढत नसे. जगदेवीनं पुन्हा विचारलं नाही. पण दर पेरणीच्या आठव्या दिवशी ती गाडीजवळ जरा रेंगाळायची.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. त्या उन्हाळ्यात धामधुमीला भिऊन बरीच घरं बैलगाड्या जुंपून सोलापूरच्या बाजूला गेली होती. त्यात ही दोन्ही होती. निजामाचं राज्य गेलं आणि गाड्या परतल्या, तेव्हा रानात ओल होती आणि गवत गुडघ्याएवढं. कुणाला कशाचा विचार करायला वेळ नव्हता. कुळव घाला आणि पेरा. त्याच धांदलीत बलभीमची नवी सून विठाबाई एक दिवस अंगणात येऊन उभी राहिली. चौदा-पंधरा वर्षांची, लाजरी. सासऱ्यानं धाडलं होतं, मूठ शिकायला.

जगदेवीनं तडकलेलं चाडं विटांवर मांडलं, खाली तीन वाट्या ठेवल्या आणि पोरीला शेजारी बसवलं. आपल्या वेळी झालं ते हिच्या वाट्याला येऊ द्यायचं नाही, सगळं पहिल्या दिवशीच नीट सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. उजवी मूठ भरून घेतली, चाड्यावर धरली आणि प्रेमानं म्हणाली,

"सोपं हाय गं. रांगोळी सोडतीस का न्हाय? तशीच सोडायची. आंगठा ढिला करायचा, बी आपसूक येतंय."

बाजेवर गौराबाई उठून बसली होती. ती सुनेच्या तोंडाकडं बघत नव्हती. चाड्यावर सुनेचा अंगठा घट्ट मिटलेला होता, करंगळीखालून दाणे झरत होते, मनगट आपलं आपण गोल फिरत होतं, आणि तिन्ही वाट्या एका आवाजात वाजत होत्या.

म्हातारी हसायला लागली. वाकड्या तोंडानं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"काय झालं, आत्याबाई?" जगदेवी गोंधळून म्हणाली. मूठ चालूच होती.

"काय न्हाय. आली," गौराबाई म्हणाली. "जगदेवे, आता आली तुला मूठ."

मग तिनं डावा हात वर करून विठाबाईला जवळ बोलावलं. "हिकडं ये गं, पोरी. ती काय सांगती ते ऐकू नगंस."